माळेगव्हाण शेवटी

दर बुधवारी सकाळी मी मिरजेजवळच्या एका मॅनेजमेंट कॉलेजात शिकवायला जातो. विषयाचं नाव पुरवठा साखळी व्यवस्थापन. हे नाव न अडखळता म्हणायला मला एक महिना लागला. पोरं मला सर म्हणत नाहीत, अण्णा म्हणतात, आणि ते मला बरं वाटतं. मी मुळात हमालांचा मुकादम. जत तालुक्यातल्या एका माल-डेपोत माझी तीस वर्षं गेली.

पहिल्या तासाला मी चिंचोक्यांची पिशवी नेतो. चार पोरांना एका ओळीत बसवतो. एक दुकानदार, एक ठोक व्यापारी, एक गोदामवाला आणि एक कारखानदार. बोलायचं नाही, पुढच्याकडे फक्त चिठ्ठी सरकवायची. गिऱ्हाईक मी. मी दर फेरीला चार चिंचोके मागतो आणि चौथ्या फेरीपासून आठ मागायला लागतो. बाकी काही करत नाही. पण बाराव्या फेरीला कारखानदारापुढे शंभरावर चिंचोक्यांचा ढीग लागतो आणि चौघं भांडायला लागतात.

यंदाचा कारखानदार शेजाऱ्यावर खेकसला, "अण्णा, हा येडा आहे! चाळीस मागवले याने एकदम!"

"मला मागून पंचवीसची चिठ्ठी आली, मग मी काय करू?"

"एकट्याने कुणी केलं नाही रे," मी म्हणालो. "पहिल्याने जरासं वाढवलं, दुसऱ्याने त्यावर जरासं. साखळी अशीच असते. एका टोकाला बोट लावलं तर दुसऱ्या टोकाला धक्का बसतो, आणि बोट लावणाऱ्याला तो दिसत नाही."

हे वाक्य मी सात वर्षं दर वर्गाला सांगत आलो. ते माझ्यावरच उलटेल असं कधी वाटलं नाही.

आमच्या डेपोत गावोगावच्या छोट्या गाड्या फळं-भाजी घेऊन यायच्या आणि तो माल थंड पेटीच्या मोठ्या ट्रकांत चढायचा. कुठली गाडी आधी उतरवायची हे मुकादम ठरवायचा. मी फळाचा वास घ्यायचो, क्रेटच्या तळाशी हात घालून ऊब बघायचो, ड्रायव्हर रात्रभर जागा आहे का ते त्याच्या डोळ्यांत बघायचो आणि गाडीच्या फाळक्यावर खडूने नंबर टाकायचो. डेपोत कॉम्प्युटरही होता. तो नियमाने चालायचा, जो आधी आला तो आधी. त्याच्या नंबरांनी शंभरातली अकरा क्रेट वाया जायची, माझ्या नंबरांनी चार. हा हिशेब तांबोळी सरांनी काढला होता. शकील तांबोळी त्या कॉलेजातले प्राध्यापक. मी निवृत्त व्हायच्या वर्षी ते डेपोत आले आणि तीन महिने माझ्या मागे मागे फिरले.

तेव्हा नव्या तऱ्हेची यंत्रं निघाली होती. त्यांना नियम शिकवावे लागत नाहीत. एखाद्या जाणत्या माणसाने वर्षानुवर्षं रोज काय ठरवलं ते त्यांच्यापुढे ठेवायचं. त्या त्या दिवसाचं हवामान, रस्ते, मालाची ऊब, बाजाराची मागणी हेही शेजारी ठेवायचं. मग प्रत्येक निर्णयामागचं कारण यंत्र आपलं आपण शोधतं आणि त्या माणसाने कधी न पाहिलेल्या गावालाही तेच लावतं. माझ्याकडे तेरा वर्षांच्या वह्या होत्या. रोज कुठल्या गावाला कितवा नंबर दिला ते माझ्या हाताने लिहिलेलं.

मी म्हणालो, "सर, प्रत्येकाचं कारण आठवणार नाही मला."

"कारणं नकोच आहेत, अण्णा," तांबोळी सर म्हणाले. "कारण विचारलं की माणूस काहीतरी शहाणपणाचं बनवून सांगतो. हात खोटं बोलत नाहीत. तुम्ही फक्त वह्या द्या."

मी वह्या दिल्या. त्यांनी यंत्राचं नाव मुकादम ठेवलं. डेपोत त्या दिवशी पेढे वाटले.

आज मुकादम साडेतीनशे डेपो चालवतो. गाड्या बिनड्रायव्हरच्या आहेत. जी गाडी गावात औषधं, गॅस, बियाणं, शाळेची पुस्तकं घेऊन जाते तीच गावचा माल घेऊन परत येते. ती कुठे आधी जाईल, कुठे नंतर आणि कुठे आठवड्याने, हे सगळं तो ठरवतो. यंदा त्याला एक नवी सोय जोडली आहे. तिला कारणदर्शक म्हणतात. कुठलाही निर्णय दाखवला की हे शहाणपण मुळात कुठल्या जुन्या नोंदीतून आलं ते तो मागे जात जात शोधून काढतो. तांबोळी सरांनी पोरांना प्रकल्प दिला की एकेक गाव घ्या आणि मुकादम त्या गावाशी असा का वागतो त्याचं मूळ शोधा.

अक्षता हिरेमठ नावाची एक मुलगी आहे. बोलते कमी, चिंचोके पुन्हा पुन्हा मोजते. ऑगस्टच्या शेवटच्या बुधवारी ती उठली आणि पडद्यावर नकाशा लावला.

"मी माळेगव्हाण घेतलं, अण्णा. या पट्ट्यातलं सगळ्यात मागे पडलेलं गाव. नऊ वर्षांत त्याचा नंबर एकदाही पहिल्या दहात लागलेला नाही. माल शेवटी उतरतो म्हणून जास्त खराब होतो. खराब निघाला की मुकादमला वाटतं, आपलं बरोबर होतं. मग पुढच्या वेळी तो आणखी मागे ढकलतो. जायला माल कमी, म्हणून गाडी कमी. गाडी कमी, म्हणून यायचा मालही कमी. दवाखाना चार वर्षांपूर्वी बंद झाला, शाळा दोन वर्षांपूर्वी. एकशे वीस घरं होती, आता अकरा आहेत. आणि मुकादमने तोच धडा अशाच दिसणाऱ्या आणखी एकोणीस गावांना लावला आहे."

"अशाच म्हणजे कशा?" कुणीतरी विचारलं.

"वाटेत ओढा, पातळ सालीचं सीताफळ, छोट्या गाड्या. हे त्याने स्वतः शोधलेलं कारण. पण मुळाशी गेलं की हे लागतं."

पडद्यावर माझ्या वहीचं पान आलं. अक्षरं मोठी, गाठीगाठीची. बाकीच्या गावांपुढे आकडे होते. एका गावापुढे आकडा नव्हता. *माळेगव्हाण शेवटी.*

"अण्णांचं अक्षर!" एक पोरगा हौसेने ओरडला.

अक्षताने विचारलं, "अण्णा, त्या दिवशी काय झालं होतं? त्यानंतर रोज तुम्ही हेच लिहिलं आहे. ओढ्याला पाणी होतं का?"

चाळीस पोरं माझ्याकडे बघत होती. काही वह्या उघडून, लिहून घ्यायच्या तयारीत.

ती अक्षरं मला माझ्या मुलीने शिकवली होती. सारिका तेव्हा दहावीत होती आणि मी पंचेचाळीसचा. त्याआधी मी फाळक्यावर खुणा काढायचो. कुठल्या गावाला विहीर, कुठल्या गावाला बाभळ. ती डेपोत डबा घेऊन यायची आणि रिकाम्या ट्रकच्या फाळक्यावर खडूने क काढून दाखवायची. "अप्पा, पोत्याला पाठ लावता तसं अक्षराला लावू नका, हळू धरा." एका वर्षात मी वहीत लिहायला लागलो. एकविसाव्या वर्षी ती माळेगव्हाणच्या अंकुश लोहारबरोबर निघून गेली. तो पिकअप चालवायचा. जात वेगळी. तीन आठवड्यांनी तो सीताफळं घेऊन डेपोत आला, पहाटेच, सगळ्या गाड्यांच्या आधी. शेजारच्या सीटवर ती होती. ती उतरली, माझ्यापाशी आली आणि म्हणाली, "अप्पा." मी पाठ फिरवली. दिवसभर त्यांची गाडी उन्हात उभी ठेवली. संध्याकाळपर्यंत फळांचे डोळे उघडले, म्हणजे फळ फुटून खपल्या सुटायला लागल्या. त्या दिवशी वहीत लिहिलं आणि मग नऊ वर्षं लिहीत राहिलो. पहिली एक-दोन वर्षं राग होता. नंतर हाताला सवय झाली.

"हो," मी अक्षताला म्हणालो. "ओढा होता. पाणी फार असायचं."

ती खूश झाली. "म्हणजे मुकादमचं बरोबर आहे! मग इथे पुष्टी हवी. मूळ निर्णय घेणाऱ्याचा अंगठा."

चाळीस पोरांसमोर मी अंगठा दिला.

पुढच्या सोमवारी तिचा फोन आला. आवाज पडलेला. "अण्णा, तुमची पुष्टी मिळाल्यावर मुकादमने माळेगव्हाणची गाडी पंधरवड्यातून एकदा केली आहे. सीताफळाचा हंगाम सुरू झालाय. सीताफळ पंधरा दिवस थांबतं का?"

"दोन दिवस थांबतं," मी म्हणालो.

मंगळवारी मी बसने निघालो. फाट्यावर उतरून चार किलोमीटर चालत. वाटेतला ओढा कोरडा होता. त्यात गुडघ्याएवढं पाणी मी तीस वर्षांत कधी ऐकलं नव्हतं.

गावात कुलपं होती. एका अंगणात क्रेट रचलेली दिसली आणि त्यांच्याआड एक बाई फळं कागदात गुंडाळत बसली होती. केस अर्धे पिकलेले. तिने मान वर केली आणि हातातलं फळ खाली ठेवलं.

"अप्पा?"

अठरा वर्षांत मी तिला पाहिलं नव्हतं. तिची आई गेली तेव्हाही निरोप धाडला नव्हता.

"आलासा? चालत आलासा व्हय? बसा की, उन्हात का उभे!" तिने पोतं झटकून अंथरलं. पाणी दिलं. मग नुसतीच बघत राहिली. "केवढं वाळलासा, अप्पा."

मी विचारलं, "अंकुश?"

"हैदराबादला हायत. गाड्या चार्ज करायच्या स्टेशनावर. इथली पिकअप विकली, माल न्यायलाच नको तर गाडी कशाला? पोरगी विट्याला हॉस्टेलात." ती हसली. "एवढी झाडं हायत म्हणून मी थांबले. आणि आता गाडी पंधरवड्याला केलीया म्हणं. कोण करतं कोण जाणे. बघा की, हे आज उतरवलेलं. परवा डोळे उघडतील, तेरवा शेळ्यांना."

तिने एक फळ फोडून माझ्या हातात दिलं. साखरेसारखं गोड होतं. बिया मी मुठीत धरून ठेवल्या.

"अप्पा, एक सांगायचं हाय. लई वर्षं मनात हाय माझ्या," ती खालच्या आवाजात म्हणाली. "सुरुवातीला आमची गाडी रोज शेवटी लागायची ना, तवा मला वाटायचं, हे तुम्हीच करताय. रागानं. हे म्हणायचे, बापाचा राग हाय, जिरल दोन वर्षांत. मी तुम्हाला लई बोल लावला, अप्पा. आई गेली तवा बी त्याच रागानं आले न्हाई. मग तुम्ही निवृत्त झालासा, यंत्र आलं, तरी आमचा नंबर शेवटीच. तवा मला कळलं, की तुम्ही न्हवतासाच. गावाचं नशीबच तसं. मी फुकट बापावर आळ घेतला." तिने माझ्या पायाला हात लावला. "माफ करा मला."

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तिला वाटलं असेल, म्हाताऱ्याला गहिवरून आलं.

निघताना ती फाट्यापर्यंत आली. मी विचारलं, "सारे, गाडी पहिल्या नंबराने आली तर?"

"आली तर अकरा घरांत दिवाळी! पहिलं क्रेट तुमच्या नावानं पाठवीन. वर नाव लिहीन, तुम्हाला वाचता येईल असं मोठ्या अक्षरात." ती हसली. "अजून येतं ना वाचता? का विसरलासा?"

"येतं," मी म्हणालो.

बसमध्ये मी एकच गोष्ट फिरवत होतो. अठरा वर्षांनी मुलगी परत मिळाली होती, आणि ती मला त्या यंत्रानेच मिळवून दिली होती. माझ्यामागे त्याने माझं पाप चालू ठेवलं, म्हणून मी निर्दोष ठरलो. गप्प राहिलो असतो तर दर महिन्याला त्या अंगणात बसता आलं असतं. अंगण होतं तोवर.

बुधवारी चिंचोके नेले नाहीत. फळ्यापुढे उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. पिकअपमधून उतरलेली मुलगी, फिरवलेली पाठ, ओढ्याचं खोटं. अक्षता पेनाचं टोपण लावायची आणि काढायची.

तांबोळी सर मागच्या बाकावर बसलेले. तिथूनच म्हणाले, "मीच म्हटलं होतं, कारणं नकोत म्हणून."

"ते बरोबरच होतं सर. विचारलं असतं तर मी ओढाच सांगितला असता."

अक्षताने संगणक उघडला. "दुरुस्ती करता येईल, अण्णा. पण..." तिने पडद्यावरचा नियम पुन्हा वाचला. "दुरुस्तीचं कारण त्या वीस गावांतल्या प्रत्येक फोनवर जातं. तसा नियमच आहे, ज्याचं नुकसान झालं त्याला कारण कळलं पाहिजे. नुसतं 'नोंदीत चूक' लिहू या का?"

"त्याने एक नोंद निघेल," तांबोळी सर म्हणाले. "त्या नोंदींवरून यंत्राने जे शिकून घेतलं ते राहील. खरं कारण कळलं तरच ते नऊ वर्षांचं सगळं विसरू शकेल. ओढा, पातळ साल, सगळं." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तिच्याही फोनवर जाईल, अण्णा. एकदा जाऊन तिला स्वतः सांगा, मग लिहू."

"फळ दोन दिवसांचं आहे, सर. काल उतरवलेलं, उद्या डोळे उघडतील. मी आज जाऊन येईन, उद्या लिहीन, गाडी परवा जाईल, तोवर ते शेळ्यांना." हे खरं होतं. तिच्या तोंडावर सांगायची मला भीती होती, हेही खरं होतं. "आज उतरवतील ते तरी वाचू दे."

अक्षता म्हणाली, "तुम्ही सांगा, मी टाइप करते."

"नको, पोरी. मला येतं."

मी एकेका बोटाने लिहिलं. *माळेगव्हाणचा माल चांगला होता. रस्ता चांगला होता. ओढ्याला पाणी नव्हतं. माझी मुलगी त्या गावात लग्न करून गेली म्हणून मी रागाने गाडी शेवटी लावली. नऊ वर्षं लावली. सिद्राम कोळेकर, मुकादम.* लिहायला वीस मिनिटं लागली. पोरं उठली नाहीत, तास संपला तरी. मग अंगठा दिला.

नकाशाशेजारच्या यादीत वीस गावं एक एक करून वर सरकली. माळेगव्हाणपुढे आकडा आला. एक.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डेपोत गेलो. आता तिथे हमाल नाहीत, लोखंडी हात आहेत. पण पहारेकरी जुना, त्याने आत सोडलं. नऊ वाजून दहा मिनिटांनी माळेगव्हाणची गाडी आली आणि सगळ्या रांगेला बाजूला ठेवून पहिल्या दारावर लागली. फाळका उघडला. सीताफळाचा वास आला. क्रेटच्या तळाशी हात घातला, माल थंड होता. एकही डोळा उघडलेला नव्हता.

प्रत्येक क्रेटवर पाठवणाऱ्या घराची चिठ्ठी होती. मी बोट ठेवून वाचायला लागलो. बिरा मोटे. कलावती मोटे. शिंदे. मगदूम. आणखी एक मोटे. क्रेट पट्ट्यावरून पुढे सरकत होती आणि मी बरोबर चालत होतो. दहा घरांची नावं झाली. एकसष्ट क्रेट झाली. अकरावं घर नव्हतं. मोठ्या अक्षरातलं काही नव्हतं.

"काय शोधतोस, मुकादम?" पहारेकऱ्याने विचारलं.

मी उशिरा शिकलेला माणूस. घाईत एखादं नाव निसटतं. पट्टा थांबवायला सांगितला आणि पहिल्या क्रेटपाशी जाऊन पुन्हा वाचायला सुरुवात केली.